सापाचं घर गरम कसं ठेवायचं आणि आत काय काय ठेवायचं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. घरात दोन साप आहेत. एक बॉल पायथन, इथे त्याला रॉयल पायथन म्हणतात, तिचं नाव चकली कारण दिवसभर ती तशीच वेटोळं करून बसलेली असते. दुसरी कॉर्न स्नेक, केशर. गणपतीला नाहीतर दिवाळीच्या जेवणाला मराठी मंडळी जमली की कोणीतरी कोपऱ्यात ओढून नेतं आणि हळूच विचारतं, "अरे माझ्या मुलाला साप हवाय, टँकमध्ये नक्की काय काय लागतं?" तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. यातलं सगळं याच दोन जातींबद्दल आहे, कारण नव्या माणसाने बहुतेक वेळा यातलाच एक घेतलेला असतो.

भारतात हे चालतं का? पुण्यातला चुलतभाऊ विचारतोय.

आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवायचा विचारही करू नका. नाग, धामण, अजगर, मांडूळ, सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. मांडुळाच्या मागे तर "धनलाभ होतो" म्हणून लोक लागतात आणि पकडले गेले की पेपरात फोटो येतो. बॉल पायथन परदेशी असला तरी तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम आल्यापासून असा प्राणी ताब्यात असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावीच लागते. कागद नसलेला साप "मित्राकडून स्वस्तात मिळतोय" असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. आणि हो, न्यूझीलंडमध्ये कोणी राहत असेल तर पुढचं वाचायचीच गरज नाही, तिथे साप पाळायला पूर्ण बंदी आहे.

साप थंड रक्ताचा असतो ना, मग हीटर कशाला?

त्यासाठीच! त्याचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. आपण जेवलो की आपलं पोट ३७ डिग्रीवर आपोआप काम करतं, सापाने उंदीर गिळला आणि त्याला ऊब मिळाली नाही तर तो उंदीर पोटात तसाच कुजायला लागतो आणि साप ओकून टाकतो. प्रतिकारशक्तीसुद्धा उबेवरच चालते. आणि ऊब हवी तशी गारवाही हवा, जास्त गरम झालं की त्याला तिथून निघून जाता आलं पाहिजे. म्हणून पूर्ण टँक एकसारखा गरम करायचा नसतो, एक टोक गरम आणि दुसरं गार. साप दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत आपलं आपलं ठरवतो, आपण फक्त त्याला पर्याय ठेवायचा.

मग नक्की किती डिग्री?

बॉल पायथनला गरम टोकाला ऊन खायच्या जागेचा पृष्ठभाग ३२ ते ३४, गार टोक २५ ते २७, रात्री २२-२३ पर्यंत उतरलं तरी चालतं. कॉर्न स्नेक त्यापेक्षा गार हवामानातला, अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्याला गरम जागा २९ ते ३२, गार टोक २२ ते २५, रात्री २० पर्यंत ठीक. हे आकडे हवेचे की पृष्ठभागाचे यात लोक गोंधळ घालतात. बल्बखालचा दगड ३४ असताना आजूबाजूची हवा २९ असू शकते, म्हणून दोन्ही वेगळं मोजायचं. पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड गन (लांबून रोखून तापमान मोजणारी), हवेसाठी दोन्ही टोकांना एकेक डिजिटल थर्मामीटर. काचेला चिकटवायचे ते गोल काट्याचे स्वस्त डायल असतात ना, ते मी सरळ फेकून दिले. दोन शेजारी शेजारी लावले तर दोघांत पाच डिग्रीचा फरक!

हीट मॅट घेऊ की बल्ब की ते सिरॅमिकवालं?

हीट मॅट म्हणजे टँकखाली लावायची विजेवर तापणारी पातळ चटई. ती हवा गरम करत नाही, ज्याला चिकटून आहे तेवढंच गरम करते. लहानशा टबमध्ये छोट्या कॉर्न स्नेकला पुरते, पण ४ फुटी लाकडी पेटीत इंग्लंडच्या जानेवारीत तिचा काही उपयोग नाही. शिवाय तिच्यावर जाड थर टाकला किंवा वर जड भांडं ठेवलं की उष्णता अडकून राहते आणि खाली काच तडकण्याइतकी तापू शकते.

दिवसासाठी मला साधा हॅलोजन बल्ब सगळ्यात आवडतो. उन्हासारखा वरून ऊब देतो, दगड तापतो, प्रकाशही मिळतो, आणि त्याच्या उबेतले इन्फ्रारेड किरण कातडीच्या आतपर्यंत पोचतात. सिरॅमिक हीटर प्रकाश देत नाही म्हणून रात्रीला बरा, पण हवा कोरडी करतो आणि त्याची ऊब वरवरची असते. डीप हीट प्रोजेक्टर म्हणून एक प्रकार आलाय, तोही अंधारातच चालतो आणि सिरॅमिकपेक्षा ऊब खोल देतो, महाग आहे पण रात्री घर १६ डिग्रीवर जात असेल तर पैसे वसूल.

किती वॉटचा, हे टँकवर आणि खोलीवर आहे. थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला हीटर कमी-जास्त करणारं यंत्र) सतत फुल्ल चालू राहून पण तापमान गाठत नसेल तर बल्ब लहान पडतोय, आणि बल्ब कायम मिणमिणता दिसत असेल तर मोठा झालाय. ४ फुटी लाकडी पेटीत मी ७५ ने सुरुवात केली होती, आता १०० वर आहे. आणि अमेरिकेहून येताना बॅगेत हीटर आणू नका, तिकडचं ११०-१२० व्होल्टचं सामान इथल्या २३० वर लावलं की काय होतं ते बघायची हौस नसावी.

थर्मोस्टॅट खरंच लागतो का? दुकानदार म्हणाला मॅट "सेल्फ रेग्युलेटिंग" आहे.

मलाही असंच सांगितलं होतं. केशर आणली तेव्हा मी मॅट सरळ प्लगला लावली, हात लावून बघितलं, कोमट वाटली, म्हटलं झालं काम. दोन आठवड्यांनी तिच्या पोटाखालचे खवले तपकिरी दिसायला लागले. तेव्हा कुठे गन विकत आणली आणि मॅटवरची काच मोजली तर ४६ डिग्री! भाजलं होतं तिला, आणि ती तिथून हलली पण नव्हती. सापाला गरम जमिनीवरून वेळेत उठायला हवं हे आपल्यासारखं चटकन कळत नाही, तो तिथेच बसून राहतो आणि भाजत राहतो. व्हेटकडे तीन चकरा झाल्या, दोनदा कात टाकल्यावर डाग गेला. थर्मोस्टॅटची किंमत त्या बिलाच्या चौथाई होती.

तर लागतोच. प्रत्येक हीटरला लागतो, बल्बला पण. फक्त प्रकार बघून घ्या: मॅटला साधा ऑन-ऑफ चालतो, सिरॅमिकला पल्स (वीज थोड्या थोड्या झटक्यांत देणारा), बल्बला डिमिंग (बल्ब हळूहळू मंद-प्रखर करणारा). बल्बला ऑन-ऑफवाला लावला तर दिवसभर डिस्को चालतो, साप वैतागतो आणि बल्बही लवकर उडतो. अजून एक, थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा कधीकधी "चालू"च अवस्थेत अडकतो. म्हणून मी वर्षातून दोनदा तपासतो, सेटिंग खाली आणतो आणि हीटर खरंच बंद होतोय का ते बघतो. ज्यांना परवडतं त्यांनी मागे दुसरा थर्मोस्टॅट दोन-तीन डिग्री वर सेट करून ठेवावा, पहिला अडकला तर दुसरा तोडतो.

प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरीचं तापमान मोजणारं टोक, कुठे लावायचा?

मॅट असेल तर मॅट आणि टँकच्या तळाच्या मध्ये, किंवा आतून तळावर बरोबर मॅटच्या वर, साप हलवू शकणार नाही असा पक्का. बल्ब असेल तर गरम टोकाला, साप बसतो त्या उंचीवर. लटकता, सैल प्रोब कधीच नको. साप तो ढकलून गार कोपऱ्यात नेतो, बिचाऱ्या थर्मोस्टॅटला वाटतं थंडी पडलीय आणि तो हीटर पेटवत बसतो. पाण्याचं भांडं प्रोबवर सांडलं तरी हेच होतं.

हॉट रॉक, तो वायरवाला दगड?

नको. आतली तार एका जागी जास्त तापते, एका जागी कमी, आणि साप वर वेटोळं घालून बसतो. अजून दुकानात मिळतात याचंच आश्चर्य वाटतं.

बल्ब टँकच्या आत असेल तर जाळी लागते का?

लागते. साप वर चढतो, ऊब सापडली की तिला विळखा घालतो, सिरॅमिकचा पृष्ठभाग २०० डिग्रीच्या वर जाऊ शकतो. जाळी सगळीकडून बंद हवी, बोट जाईल एवढी फट असेल तर लहान साप आत जातो. होल्डर चिनी मातीचा, प्लॅस्टिकचा वितळतो. आणि फांदी लावताना तिचं सगळ्यात वरचं टोक बल्बपासून किती लांब आहे ते बघा, गन खालच्या दगडावर मारून खूश होऊ नका, साप जिथपर्यंत पोचू शकतो त्या सगळ्यात वरच्या जागेवर मारा.

रात्री लाल बल्ब लावला तर? सापाला लाल दिसत नाही म्हणे.

या भरवशावर रात्रभर दिवा लावू नका. रात्र म्हणजे अंधार, १२ तास उजेड आणि १२ तास काळोख हे साधं गणित. ऊब लागत असेल तर प्रकाश न देणारा हीटर वापरा.

यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा दिवा, लागतो का?

त्याच्याशिवाय दोन्ही जाती पिढ्यान्‌पिढ्या जगल्यात, त्यामुळे "नसेल तर मरेल" असं नाही. पण कॉर्न स्नेकवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यूव्हीबीखाली ठेवलेल्या सापांच्या रक्तात डी जीवनसत्त्व वाढलेलं दिसलं. मी हलक्या ताकदीची ट्यूब लावलीय आणि खाली सावलीही भरपूर ठेवलीय. फिकट, अल्बिनो सापांच्या डोळ्यांना त्रास होतो, तिथे जपून.

काचेचा टँक की लाकडी पेटी? आणि केवढी?

इथल्या थंडीत लाकडी, समोर सरकत्या काचा. ऊब आणि दमटपणा दोन्ही टिकतं. फक्त मेलामाइनचं लाकूड ओलाव्याने फुगतं, म्हणून आतले सगळे सांधे मत्स्यालयाच्या सिलिकॉनने बंद करायचे आणि वास पूर्ण जाईपर्यंत साप आत टाकायचा नाही. काचेचा असेल आणि वर जाळीचं झाकण असेल तर सगळी वाफ वरून उडून जाते, झाकणाचा बराचसा भाग फॉइलने झाकावा लागतो, बल्बच्या जवळचा सोडून.

मोठ्या बॉल पायथनला कमीत कमी १२० बाय ६० बाय ६० सेंटीमीटर. "मोठ्या पेटीत घाबरतो, खात नाही" असं लोक सांगतात, ते अर्धंच खरं आहे, तो मोकळ्या, रिकाम्या पेटीत घाबरतो. भरगच्च असेल तर मोठ्या पेटीत मजेत राहतो. मुलाच्या हट्टासाठी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, हा प्राणी २०-३० वर्षं सहज जगतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका म्हातारीने २०२० मध्ये, साठीच्या पुढे असताना, अंडी घातली होती. मुलगा शिकून नोकरीला लागेल, पेटी तुमच्याच हॉलमध्ये राहील.

लपायच्या जागा किती ठेवायच्या?

कमीत कमी दोन, एक गरम टोकाला आणि एक गार टोकाला, आणि शक्यतो दोन्ही सारख्याच. पहिल्या वर्षी मी इथेच चुकलो होतो. चकलीला एकच हाइड (लपायची जागा) होता, गार बाजूला. तिला ऊब हवी असायची पण बाहेर यायला भीती वाटायची, मग ती लपून राहायची आणि गारठायची. खाणं बंद झालं, मी उंदराचा रंग बदल, आकार बदल असे सगळे उद्योग केले, आणि शेवटी दुसरा हाइड गरम बाजूला ठेवल्यावर नवव्या दिवशी जेवली. ऊब की आडोसा, यातलं एक निवडायची वेळ सापावर येताच कामा नये.

हाइड मोठा नको, घट्ट हवा. वेटोळं केल्यावर पाठ छताला आणि अंग भिंतींना लागलं पाहिजे, एकच तोंड असलेला. रानात हे साप घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यात उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या रिकाम्या वारुळांत राहतात, म्हणजे अगदी आयत्या बिळावर नागोबा. (बेनिनमध्ये विदा गावात याच जातीच्या सापांचं देऊळ आहे, आईला हे सांगितल्यापासून तिचा चकलीला असलेला विरोध निम्मा झाला.) दुकानातला गुहेसारखा दिसणारा हाइडच पाहिजे असं नाही, उपडी कुंडी कडा घासून, किंवा प्लॅस्टिकच्या डब्याला भोक पाडून चालतो, भोकाची कड मात्र गुळगुळीत करा. मधल्या मोकळ्या जागेत बुचाच्या झाडाची साल, खोटी पानं, फांद्या असं काहीबाही भरा, म्हणजे एका हाइडमधून दुसऱ्याकडे जाताना त्याला उघड्यावर आल्यासारखं वाटत नाही.

खाली काय अंथरायचं?

बॉल पायथनला नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा कोकोपीट आणि मातीचं मिश्रण, तीन-चार इंच. कॉर्न स्नेकला अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडाचा भुसा छान, त्यात बोगदे करून राहतो, पण अ‍ॅस्पेन ओला झाला की बुरशी येते म्हणून बॉल पायथनला नको. देवदारासारखा वास येणारा सीडरचा भुसा कुठल्याच सापाला नको, त्यातली तेलं विषारी पडतात. पाइनचाही टाळा. नुसती वाळू नको. नवीन साप पहिले काही आठवडे साध्या पेपरवर ठेवा, किडे किंवा पातळ शी असेल तर लगेच दिसतं.

दमटपणा किती, आणि कसा टिकवायचा?

बॉल पायथन ६० ते ८० टक्के, कॉर्न ४० ते ६०. स्प्रेने दिवसातून चारदा भिजवत बसू नका, पाणी कोपऱ्यांतून खाली ओता म्हणजे तळाचा थर ओला राहतो आणि वरचा कोरडा. वरचा ओला राहिला की पोटाचे खवले सडायला लागतात. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात, तेव्हा ओलं मॉस भरलेला एक डबा आत ठेवा. कात अखंड निघाली, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट, तर तुमचं बरोबर चाललंय. तुकड्या तुकड्याने निघत असेल तर हवा कोरडी आहे, नखाने सोलत बसायचं नाही.

बागेतली फांदी, नदीवरचा दगड चालेल?

चालेल, कीटकनाशक मारलेल्या जागेचं नको, चिकाची पाइनसारखी झाडं नको. फांदी घासून धुवा, उकळत्या पाण्यात भिजवा, पूर्ण वाळवा. ती स्क्रूने भिंतीला पक्की करा, नुसती टेकवून ठेवू नका. जड दगड नेहमी पेटीच्या तळावर आधी ठेवायचा आणि मग भोवती माती, मातीवर ठेवला तर साप खालून उकरतो आणि दगड त्याच्यावर बसतो. खरी झाडं हवी असतील तर मनी प्लांट मरता मरत नाही.

सेलोटेपने वायर चिकटवली तर?

अजिबात नको!! कुठलाही चिकट टेप आत नको. खवले टेपला चिकटले की साप ओढतो आणि कातडी फाटते. चिकटलाच तर खायचं तेल लावून हळूहळू सोडवा, ओढू नका. वायरीला स्क्रूच्या क्लिपा लावा.

लाइट गेली तर?

घाबरू नका, काही तास गारवा निरोगी साप सहन करतो. पेटीवर गोधडी टाका, हवेची फट सोडून. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बाहेरून किंवा एका कोपऱ्यात. मेणबत्ती, शेगडी वगैरे जवळ नेऊ नका. आणि त्या दिवशी खायला देऊ नका.

उलटं, उन्हाळ्यात घरच ३८ डिग्री असेल तर? (नागपूरहून आलेला प्रश्न, साप रजिस्टर्ड आहे)

मग तुमचा प्रश्न हीटरचा नाहीच. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. गार टोक ३० च्या वर राहिलं तर सापाला जायला जागाच उरत नाही. पेटी सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगत, खिडकीच्या उन्हापासून लांब. एसी असेल तर २६-२७ वर. कूलरने दमटपणा वाढतो तेव्हा वारा खेळता ठेवा. मोठं पाण्याचं भांडं, अंग बुडेल एवढं. साप सतत पाण्यात पडून राहायला लागला तर एक तर उकडतंय नाहीतर अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) झालेत, पाण्यात काळे बारीक ठिपके तरंगतायत का बघा.

काहीतरी बिघडलंय हे कसं ओळखायचं?

तोंड उघडं ठेवून श्वास, तोंडाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज: फुप्फुसाचा संसर्ग, बहुतेकदा गार आणि ओल्या पेटीमुळे. पोटावर तपकिरी, गुलाबी डाग किंवा फोड: भाजलंय. दोन्हीला सापांचं कळणारा व्हेट, हळद-तूप नाही. रात्रंदिवस गरम टोकाला चिकटून बसला तर पेटी एकूण गार आहे, कायम गार टोकाला असेल तर गरम टोक जास्त तापतंय. आकड्यांच्या आधी साप सांगतो.

पळून जातो का?

जातो, संधी मिळाली की. काचांना कुलूप लावा, वायरीच्या भोकांना जाळी. केशर एकदा पळाली ती फ्रिजच्या मागे, मोटरच्या उबेला सापडली.

घरात लहान मूल आहे.

सापांच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, हाताळल्यावर साबणाने हात, आणि पाण्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना लांबूनच बघू द्या.

सगळं लावून झालं, साप कधी आणू?

आधी पेटी रिकामीच आठवडाभर चालवा. सकाळ, दुपार, रात्र आकडे वहीत लिहा, एखादी रात्र जास्त थंड पडली तर तीही त्यात यायला हवी. आकडे जागेवर राहिले की साप आणा, आणल्यावर पहिला आठवडा हात लावू नका, नंतर एकदा खायला घालून बघा, जेवल्यावर परत ४८ तास हात नाही. तो दिसणार नाही, तुम्हाला वाटेल मेला की काय, झाकण उचलून बघावंसं वाटेल. उचलू नका. चकली पहिले अकरा दिवस दिसलीच नाही, बाराव्या रात्री पाणी प्यायला गेलो तेव्हा हाइडच्या तोंडातून फक्त नाक बाहेर होतं.